सबनीस कॅप्टन आणि चुन्याचं रिंगण

सबनीस कॅप्टन बोलायला लागले की समोरच्याने आपला चहा आधी पिऊन घ्यावा, नाहीतर तो गार होणार, हे खाणीवरच्या आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. त्यांचा स्वतःचा चहा तर नेहमीच गार व्हायचा. साय धरलेला तो कप ते एका घोटात संपवायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "तर काय सांगत होतो?" काय सांगत होते हे आम्हाला आठवत नसे, पण त्यांना अडत नसे. एका लग्नातून ते दुसऱ्या लग्नात जायचे, तिथून कुणाच्या तरी हरवलेल्या बैलामागे, आणि जेवणाची घंटा झाली की बैल तिथेच सोडून उठायचे.

हा माणूस विमान चालवायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

रामनगरहून कुंभारवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटायचा, तो डोंगरात शिरून मँगनीजच्या खाणीवर यायचा. तालुक्याला तेव्हा सुपे तालुका म्हणत. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आमच्या मागच्या डोंगररांगेपलीकडे थोड्याच मैलांवर त्याची हद्द लागायची. मी खानापूरची. बेळगावला नर्सिंग शिकले आणि चोविसाव्या वर्षी खाणीच्या दवाखान्यात नोकरीला लागले. डॉक्टर लोंढ्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे पाच दिवस मी, माझी औषधांची कपाटं आणि एक वजनकाटा.

त्या वजनकाट्यामुळेच माझी नि कॅप्टनांची ओळख झाली. खाणीचे मालक, आमचे शेठ, हुबळीला राहायचे. त्यांना आणि त्यांच्या इंजिनियरांना ने-आण करायला हे लहानसं विमान घेतलेलं होतं. चार माणसांचं, एका पंख्याचं, अंगावर कापड ताणलेलं. खाणीच्या वर एक सपाट माळ होता, त्यावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला बांबूचं बेट आणि त्यापलीकडे थेट दरी. दिवाळीपासून मृगापर्यंत विमान आणि कॅप्टन दोघेही तिथे मुक्कामाला असत. पावसाळाभर दोघे बेळगावला.

विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टन आधी माझ्याकडे पाठवायचे. "सिस्टर, यांचं वजन घ्या. सामानासकट. आणि यांना विचारू नका, काट्याला विचारा." खाणीचे मॅनेजर चांगले जाडजूड होते. ते काट्यावर उभं राहताना एका हाताने कपाटाला धरायचे. कॅप्टन दारातून म्हणायचे, "मॅनेजरसाहेब, कपाटही बरोबर नेणार असाल तर त्याचंही वजन घ्यावं लागेल."

सकाळी सहाला ते धावपट्टी चालायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी. खाकी अर्धी चड्डी, अंगात बनियन, हातात काळी छत्री. कशाला अनवाणी, म्हणून मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "डोळ्यांना खड्डा दिसत नाही, पायाला कळतो." वाटेत सापडलेले दगड छत्रीच्या टोकाने बाजूला सारायचे. पुनो नावाच्या एका शेतकऱ्याची पांढरी गाय त्या मुरमावर येऊन बसायची, कारण माळावर तेवढीच जागा कोरडी आणि उबदार. कॅप्टन तिच्यासमोर छत्री टेकून उभे राहायचे आणि, "अहो बाई, उठता का? दहाला शेठ यायचे आहेत," असं अगदी अदबीने सांगायचे. गाय उठायची नाही. मग ते तिला एखादी गोष्ट सांगायला लागायचे. मोळ्या घेऊन चाललेल्या बायका थांबून हसायच्या. "इमानवाला सायेब गायीशी बोलतोय बगा," असं मला येऊन सांगायच्या.

विमानाला तिथे सगळे इमानच म्हणत. लांबलांबच्या वाड्यांवरून माणसं ते बघायला येत. एक म्हातारी तर कुंभारवाड्याच्याही पलीकडून चालत आली होती. तिने विमानाच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे खातंय काय?"

"पेट्रोल खातं, आज्जी."

"आन् अंडी कुठं घालतंय?"

कॅप्टन इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हातारीला शेजारी बसवून तासभर त्यांनी तिला विमानाची माहिती दिली. तिला काय कळलं देव जाणे, पण जाताना तिने कमरेच्या पोटलीतून काढून त्यांना दोन काकड्या दिल्या.

असा हा माणूस. आणि त्यांचं बोलणंच एके दिवशी त्यांच्यावर उलटलं.

मी खाणीवर आल्याला दुसरं वर्ष होतं. फेब्रुवारी महिना, सकाळची वेळ. दातार नावाच्या इंजिनियरना हुबळीला जायचं होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून विमान सुटताना बघत होते. मला ते बघायला आवडायचं. विमान धावलं, चाकं सुटली, आणि त्याच क्षणी उजव्या बाजूचं दार फटकन उघडलं. दातारांच्या मांडीवरचे कागद भराभरा बाहेर उडाले. विमान जरा वर गेलं, मग एका बाजूला कललं, आणि पंख बांबूच्या बेटात घुसला. बांबू कडाकडा मोडले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

धावत जाऊन पोहोचले तेव्हा विमान बेटात अडकून आडवं पडलं होतं. ते बेट नसतं तर दरी होती. विमानाचे मेस्त्री अंतोन, हे गोव्याकडचे, हिरव्यागार बांबूवर कोयता चालवत, "देवा, म्हज्या देवा," असं पुटपुटत होते. दातारांचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. कॅप्टनांचे पुढचे दोन दात गेले होते आणि एक बरगडी. पेट्रोल गळत होतं, पण पेट घेतला नाही. दोघांना बाहेर काढून सावलीत बसवलं. दोघं जिवंत आहेत एवढंच मनात घोळत होतं.

कॅप्टनांच्या तोंडात मी कापूस धरला होता. ते तो बाजूला करून बोलायला बघत होते. मी म्हटलं, "गप्प बसा आता."

"गप्प बसायला हवं होतं, सिस्टर. मघाशी." रक्त थुंकून ते म्हणाले, "दार उघडलं तर काय झालं असतं? वारा आला असता. एवढंच. दार उघडं ठेवून मी हुबळीपर्यंत गेलो असतो. पण मी दार धरायला गेलो."

झालं असं होतं की ते दातारांना एक गोष्ट सांगत होते. लग्नाच्या वरातीत बँडवाले विहिरीत पडले, अशी काहीतरी. गोष्ट रंगात आली होती. दाराची कडी नीट बसली का हे बघायचं त्या नादात राहून गेलं. विमान उचलताना दार उघडलं, दातार ओरडले, आणि कॅप्टनांनी एक हात लांब करून दार ओढायला घेतलं. तेवढा वेळ विमान कुणीच चालवत नव्हतं. तीन सेकंद असतील, ते म्हणाले. चारही असतील.

दोन दिवसांनी शेठ स्वतः आले. दवाखान्यातच, कॅप्टनांच्या खाटेपाशी, चौकशी झाली. मी पट्ट्या गुंडाळत होते. शेठ फार सौम्य माणूस, पण त्यांना कारण हवं होतं. ते म्हणाले, "दाराची कडी खराब होती, असं मॅनेजर म्हणतात. म्हणजे मेस्त्रीचं काम. त्याला मी आजच घरी पाठवतो."

अंतोन मेस्त्री दाराबाहेर उभे होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. तीन मुलांचा बाप. कॅप्टन एक शब्द बोलले नसते तरी चाललं असतं, सगळं तसंच पार पडलं असतं.

"कडी ठीक होती," कॅप्टन म्हणाले. "ती लावलीच नव्हती. मी बोलत होतो."

"तुम्हाला नक्की आठवतं?"

"शेठ, मला त्या गोष्टीतलं कुठलं वाक्य बोलत होतो तेसुद्धा आठवतं. घरी पाठवायचं तर मला पाठवा."

 शेठ म्हणाले, "दात बसवून घ्या आधी." आणि उठून गेले. बाहेर अंतोन मेस्त्री पायरीवर बसून रडत होते. मी त्यांना पाणी दिलं.

ती बँडवाल्यांची गोष्ट कॅप्टनांनी पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. दातारांनी एकदा मागितली, तरी नाही.

विमान दुरुस्त होऊन दिवाळीनंतर परत आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टनांनी माझ्याकडून बादलीभर चुना नेला. विमानाभोवती, पंखांपासून दहा पावलं सोडून, त्यांनी रिंगण आखलं. नियम असा केला की या रिंगणात विमान सुटायच्या आधी कुणी बोलायचं नाही. मालकांनीही नाही. ते स्वतः एका दारापासून सुरुवात करायचे आणि विमानाभोवती पूर्ण फेरी मारायचे. प्रत्येक वस्तूला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. "चाक. टाकीचं टोपण. बिजागरी. पंखा." फेरी चालू असताना कुणी काही बोललं, खोकलं तरी चालेल पण बोललं, की फेरी बाद. पुन्हा पहिल्यापासून. आत बसल्यावरही तोच कायदा. विमान सुटून चांगलं उंचावर गेलं की मग ते मागे न बघता म्हणायचे, "आता बोला." आणि स्वतःच बोलायला लागायचे.

वाड्यांवरच्या लोकांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. पुनो मला म्हणाला, "अक्का, सायबानं इमानाची पूजा सुरू केल्या न्हवं? मंतर म्हंताना बोलायचं न्हाई. बरोबर हाय त्यांचं." तेव्हापासून माणसं रिंगणाबाहेर चपला काढून, हात जोडून उभी राहू लागली. कॅप्टनांनी दोन-तीनदा समजावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "गप्प राहतात ना? मग पूजा तर पूजा."

मॅनेजरना मात्र हे अजिबात पटलं नव्हतं. त्यांच्यामुळे एकदा चार फेऱ्या झाल्या आणि ते उन्हात घामाघूम होऊन निघून गेले. मलाही खरं सांगायचं तर थोडं जास्तच वाटायचं. एकदा पडले म्हणून घाबरलेत, असं मी मनात म्हणायचे. ते माझं मत बदललं त्या दिवसाबद्दल आता सांगते.

जानेवारीतली दुपार होती. डॉक्टर येण्याचा दिवस नव्हता. खाणीची जीप सकाळीच हुबळीला गेली होती. कुंभारवाड्याकडच्या एका वाडीतून चौघेजण कांबळ्याची झोळी बांबूला बांधून घेऊन आले. झोळीत गंगी नावाची बाळंतीण. पहिलटकरीण, विशीतली. आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या. मी तपासलं. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. हे माझ्या हातातलं काम नव्हतं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तरच दोघं वाचणार. ट्रकने त्या रस्त्यावरून पाच तास लागले असते, आणि तिच्याकडे पाच तास नव्हते.

मी माळावर धावत गेले. कॅप्टन शेडच्या सावलीत गार चहा पीत अंतोन मेस्त्रींना काहीतरी सांगत होते. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते उठले.

"मेस्त्री, मागच्या दोन्ही खुर्च्या काढा. शेठना निरोप मी नंतर देतो."

अंतोन मेस्त्री पाना घेऊन आत घुसले. आम्ही गंगीला वर आणलं. तिचा नवरा बुधो, काटकुळा पोरगा, अंगाला माती लागलेली, कॅप्टनांच्या समोर येऊन उभा राहिला.

"सायेब, म्या बी येतो."

"वारा नाही बुधो, ऊन चढलंय, अशा हवेत विमान जड उठतं. पट्टी तोकडी आहे. जितकं वजन कमी तितकं बरं. तू ट्रकने ये."

"लांब बसतो. शेपटीवर बसतो. पर तिला एकटी सोडू नका."

"एकटी नाही. शांताक्का आहेत ना." शांताक्का म्हणजे मी. बुधोने माझ्याकडे पाहिलं आणि रिंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. तिथे चपला काढायचा प्रश्न नव्हता, त्याच्या पायात काही नव्हतंच.

गंगीला आत गादीवर निजवलं. मी तिच्याजवळ गुडघे दुमडून बसले. कॅप्टनांनी फेरी सुरू केली. चाक. टोपण. पंखा. तेवढ्यात मॅनेजर आले, हातात खनिजाच्या नमुन्यांची पिशवी घेऊन. "कॅप्टन, बेळगावला जाताच आहात तर एवढी पिशवी न्या. पंधरा-वीस पौंड असेल. तिथून पुढे पाठवायची आहे." असं बोलत बोलत ते कॅप्टनांच्या बरोबर चालायला लागले. कॅप्टनांनी उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. फेरी मात्र थांबली नाही, गंगीचं कण्हणं त्यांना ऐकू येत असणार. शेपटीकडून वळून ते दुसऱ्या पंखापाशी आले. फेरी पुरी झाली. मॅनेजर पिशवी घेऊन कुरकुरत बाजूला झाले. आता हे आत बसणार, म्हणून मी श्वास सोडला.

ते बसले नाहीत. दाराला हात लावून उभे राहिले, आणि पुन्हा चालायला लागले. "चाक."

माझा तोल सुटला. दारातून डोकं बाहेर काढून मी ओरडले, "साहेब, चला हो! बाई मरेल इथं! टोपणं कसली मोजताय?"

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी शांतपणे. मग परत दारापाशी आले आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. "चाक."

मी त्या क्षणी त्यांचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचाच केला नाही. गंगीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची नखं रुतली होती. बाहेर ते "टोपण", "बिजागरी" म्हणत चालले होते. आवाज शेपटीकडे गेला आणि बंद पडला.

मी मागच्या छोट्या काचेतून पाहिलं. कॅप्टन शेपटीपाशी वाकून उभे होते. त्यांच्या हातात दोन फळकुटं होती.

विमान शेडबाहेर उभं असलं की वाऱ्याने शेपटीच्या, विमान वर-खाली वळवणाऱ्या झडपा आपटू नयेत म्हणून त्यांना दोन फळकुटांमध्ये आवळून ठेवत. विमान सुटायच्या आधी ती काढायची. ते काम अंतोन मेस्त्रींचं. काढून ती कॅप्टनांना दाखवायची, हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी मेस्त्री खुर्च्या काढण्यात गुंतले. फळकुटांना बांधलेलं लाल फडकं मँगनीजच्या धुळीने काळं पडलं होतं. ती तशीच राहिली असती तर विमान धावलं असतं, पण कॅप्टनांना ते आवरता आलं नसतं. समोर बांबूचं बेट आणि दरी, आणि आत आम्ही. आम्ही तिघं, चौथं अजून जन्मायचं.

अंतोन मेस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. कॅप्टन त्यांच्याजवळ गेले, फळकुटं त्यांच्या हातात दिली, खांद्यावर एकदा थोपटलं आणि उरलेली फेरी पुरी केली. मग आत येऊन बसले. त्यांची मान मागून पांढरीफटक दिसत होती.

पंखा फिरला. विमान धावू लागलं. नेमकी त्याच वेळी गंगीला मोठी कळ आली आणि ती अशी किंचाळली की माझे कान बधिर झाले. तिने पाय झाडला, तो कॅप्टनांच्या पाठीत बसला. त्यांनी मान वळवली नाही. ते समोर बघत होते. खडखड थांबली, बांबूचे शेंडे खिडकीखालून सरकले, मग दरी, मग झाडांचे शेंडे नुसते हिरवे ठिपके झाले. मी गंगीचं डोकं मांडीवर धरून देवाचं नाव घेत होते.

"आता बोला," कॅप्टन म्हणाले. "कशी आहे?"

मला रडू आलं होतं. पुढची पंचवीस मिनिटं तेच बोलत होते, गंगीशी. खाली कुठली नदी, कुठलं गाव, खानापूरची कौलं कशी दिसतात, सगळं. तिला काही ऐकू येत होतं की नाही माहीत नाही, पण तिची पकड जरा सैल झाली.

बेळगावच्या दवाखान्यात तिला थेट ऑपरेशनला नेलं. बाहेरच्या व्हरांड्यात मी एका बाकावर बसले. कॅप्टन दोन तास एका वॉर्डबॉयला गोष्टी सांगत उभे होते. त्याला तिथून सुटका नव्हती. दार उघडून नर्सने सांगितलं, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत," तेव्हा कॅप्टन वाक्याच्या मधोमध थांबले. बाकावर येऊन बसले. चष्मा काढून हातात धरला. 

मी म्हटलं, "साहेब, मघाशी मी जे बोलले..."

"बरं झालं बोललात," ते म्हणाले. "तुम्हाला एक सांगू? मॅनेजर बरोबर चालत असताना मी त्या शेपटीवरून हात फिरवला होता. फळकुटांवरूनसुद्धा गेला असेल. पण कान त्यांच्याकडे. मला कुणी विचारलं असतं, शेपूट बघितली का, तर मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं असतं. दुसरी फेरी काढली ती नुसती नियम म्हणून. आणि मनात सारखं येत होतं, उगाच वेळ घालवतोय, ही बाई जाईल. तुम्ही ओरडलात तेव्हा तर वाटलं की बसावं झालं."

"मग का नाही बसलात?"

"भीती वाटली. आपण पाहिलं असं ज्या माणसाला इतकं पक्कं वाटतंय, त्याचीच."

बुधो रात्री ट्रकने पोहोचला. मुलीला बघून तो तिथेच जमिनीवर बसला आणि हसायला लागला. ती मुलगी पुढे तीन वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला माळावर आणून कॅप्टनांच्या पायांवर घातली. कॅप्टनांनी तिला उचलून माझ्या काट्यावर बसवलं. "सत्तावीस पौंड," ते म्हणाले. "ही चालेल. हिला नेता येईल."

मॅनेजर त्यानंतर कधी रिंगणात आले नाहीत. ते रिंगण उन्हाळ्यात पुसट झालं की चुना मी स्वतःच नेऊन द्यायचे.

खाणीतलं खनिज कमी होत गेलं आणि शेठनी विमान विकलं. कॅप्टन दुसरीकडे कुठे नोकरीला गेले. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. पण कुणी ना कुणी सांगत असे, ठीक आहेत, उडवतात. मी पुढे रामनगरच्या दवाखान्यात लागले.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात ते मला शेवटचे दिसले. रामनगरच्या नाक्यावर बेळगावहून गोव्याला जाणारी बस चहासाठी थांबली होती. पेरूच्या टोपलीपाशी एक म्हातारा धोतरातला माणूस पेरूवालीला काहीतरी रंगवून सांगत होता आणि तिची गिऱ्हाइकं खोळंबली होती. आवाजावरूनच ओळखलं. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"सिस्टर!" ते म्हणाले. "बघा, कुठे भेटायचं होतं! मुलगी फोंड्याला दिली आहे, तिच्याकडे निघालोय. आता गोव्याला जायला हद्द नाही की काही नाही. तिकीट काढा की चला."

"आणि उडवणं?"

"सोडलं. दोन वर्षं होतील. लांबची झाडं अंधुक दिसायला लागली. डॉक्टर म्हणत होते, एवढं चालतं, परवान्यासाठी सही देतो. मी म्हटलं, नका देऊ."

"वाईट वाटलं असेल."

"पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. काळेकुट्ट ढग आले होते. बघत बसलो, आणि लक्षात आलं की हे ढग आता माझे कुणी लागत नाहीत. यावं, जावं, बरसावं. सिस्टर, काय सांगू तुम्हाला, तीस वर्षांनी पहिल्यांदा मी चहा गरम प्यायलो."

कंडक्टरने घंटी वाजवली. ते लगबगीने चढले. पण बस हलेना. पुढे लाकडाचा एक ट्रक आडवा लागला होता, त्याच्या नि बसच्या ड्रायव्हरचा वाद जुंपला. हॉर्न, आरडाओरडा, धूळ. निरोप घ्यायचा राहिलाच म्हणून मी त्यांच्या खिडकीपाशी गेले.

ते झोपले होते. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, बारीकसं घोरणं चालू, हात मांडीवर पसरलेले. शेजारचा प्रवासी ड्रायव्हरला ओरडून सल्ले देत होता. कॅप्टनांना कशाचा पत्ता नव्हता. मी हाक मारली नाही. ट्रक बाजूला झाला, बस धक्का देऊन सुरू झाली, त्यांची मान एकदा हलली आणि परत गजावर टेकली. अनमोडच्या घाटाकडे बस वळेपर्यंत मला ते पांढरं डोकं दिसत होतं.